सव्वातीन सेकंदांत संपलेला चौताल

पखवाजवादनाच्या एका कार्यक्रमात रंगमंचामागच्या पडद्यावर चार मिनिटांची ध्वनिमुद्रित प्रस्तुती दाखवायची होती आणि तिच्यासाठी संगणकाने घडवलेली दृश्ये करण्याचे काम माझ्याकडे होते. चौताल या बारा मात्रांच्या तालातल्या बोलांवर हजारो प्रकाशकण हलतील आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, त्यांचे वलय उमलेल, अशी रचना मी ‘प्रोसेसिंग’ या दृश्ये घडवण्याच्या प्रोग्रॅमिंग साधनात लिहिली होती. लहान खिडकीत ती सुरेख चालत असे. मात्र आयोजकांना 3840 बाय 2160 पिक्सेलची, सेकंदाला 60 फ्रेमची (म्हणजे 60 स्थिरचित्रांची) चित्रफीत हवी होती आणि त्या आकारात माझा संगणक सेकंदाला जेमतेम नऊ फ्रेम काढत होता. पडदा मुद्रित करणारे सॉफ्टवेअर लावून पाहिले, तर त्याने इमानदारीने तेच चित्र सहा-सहा, सात-सात वेळा टिपले.

म्हणून प्रत्येक फ्रेम पीएनजी या चित्रप्रकारातली फाइल म्हणून जतन करायची आणि नंतर त्या सर्व एकत्र जोडायच्या, असे ठरवले. एका फ्रेमला साधारण 1.2 सेकंद लागत होते, त्यातला बराचसा वेळ पीएनजीच्या आकुंचनातच जात होता. 14,400 फ्रेमसाठी पावणेपाच तासांहून थोडा अधिक वेळ लागणार, असा हिशेब करून मी जेवायला बसलो. परत येऊन पाहतो तो काम केव्हाच थांबलेले होते. फाइली अवघ्या 200 होत्या आणि त्या जोडल्यावर अख्खा चौताल जेमतेम सव्वातीन सेकंदांत उरकला.

चूक माझ्याच कोडमध्ये होती. कणांची हालचाल आणि ध्वनीतील स्थान या दोन्ही गोष्टी मी भिंतीवरच्या घड्याळाला, म्हणजे प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणाऱ्या ‘मिलिस’ या फंक्शनला बांधल्या होत्या. फ्रेम जतन व्हायला 1.2 सेकंद लागले की कोडच्या लेखी संगीतही तेवढेच पुढे सरकत असे, म्हणून 200 फ्रेममध्येच चार मिनिटे संपली. मग मी ते घड्याळ काढून टाकले आणि फ्रेमचा क्रमांक भागिले 60 हाच काळ मानला, त्यामुळे एक फ्रेम काढायला सेकंद लागो की तास, रचनेतला काळ एका सेकंदाच्या साठाव्या भागानेच पुढे जाऊ लागला. ध्वनी वाजवत त्याचे विश्लेषण करणेही सोडले. ध्वनिमुद्रण 48,000 हर्ट्झचे असल्याने म्हणजे सेकंदाला ध्वनीची 48,000 मोजमापे (नमुने) असल्याने, प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला नेमके 800 नमुने येत होते. फ्रेमच्या क्षणाभोवतीचे 2048 नमुने घेऊन मी सर्व आकडे आधीच काढून ठेवले.

रात्री साडेदहाला रेंडर, म्हणजे फ्रेम काढण्याचे काम, पुन्हा सुरू केले आणि एकच्या सुमारास वीज गेली. (यूपीएस दुरुस्तीला दिलेला होता, हे वेगळे सांगायला नको.) वीज आली तेव्हा 7,512 क्रमांकाची फाइल अर्धवट लिहिलेली आढळली. या प्रकारच्या रचनेत मधूनच सुरुवात करता येत नाही, कारण प्रत्येक कणाची जागा त्याच्या आधीच्या सर्व फ्रेमवर अवलंबून असते. सुदैवाने यादृच्छिक संख्यांचे बीज, म्हणजे त्या संख्या ज्याच्यावरून निघतात तो सुरुवातीचा आकडा, मी पक्के करून ठेवले होते, त्यामुळे पहिल्यापासून तेच गणित फक्त चित्र न काढता पुन्हा चालवता आले. खर्च चित्राचा आणि जतनाचा होता, गणिताचा नव्हे. काही मिनिटांत तुटलेल्या जागी पोहोचलो आणि उरलेले काम सव्वादोन तासांत झाले.

फ्रेम जोडताना ‘एफएफएमपेग’ या चित्रफीत बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला वेग सांगायला विसरलो. तो न सांगितल्यास सेकंदाला 25 फ्रेम धरतो, म्हणून पहिली फीत साडेनऊ मिनिटांची निघाली. ते लगेच सुधारले.

खरी परीक्षा तिहाईच्या, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या बोलसमूहाच्या, शेवटच्या ‘धा’ची होती. ध्वनिलहरीत तो 3 मिनिटे 52.4 सेकंदांवर दिसत होता, म्हणजे 13,944 ही फ्रेम. ती उघडली, तर वलय आधीच्याच फ्रेममध्ये उमलू लागले होते. माझ्या 2048 नमुन्यांच्या खिडकीतला अर्धा भाग पुढच्या क्षणांचा होता, त्यामुळे रचनेला ‘धा’ एक फ्रेम आधी कळत होता. प्रत्यक्ष मैफिलीत चालणाऱ्या कोडला हे शक्य नाही. खिडकी मागे सरकवावी का, याचा मी बराच विचार केला, पण सभागृहाच्या मागच्या रांगेत प्रकाश ध्वनीच्या आधी पोहोचतोच, म्हणून ती फ्रेम तशीच ठेवली.