एमजेला काहीही आठवू नये, असं मला का वाटतं

शनिवारी रात्री इंदूरच्या सराफ्यात गराडूचा (तळलेला कंद) दोना हातात धरून माझं आणि भाच्याचं जे भांडण झालं ते अजून डोक्यातनं जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय. विषय काय, तर ३१ जुलैला स्पायडरमॅनचा जो नवा पिक्चर येतोय, ब्रँड न्यू डे, त्यात एमजेला, म्हणजे त्याच्या मैत्रिणीला, पीटर (स्पायडरमॅनच तो) आठवावा की नाही. तो म्हणाला, "मावशी, आठवायलाच पाहिजे, पिक्चर कशाला मग?" मी म्हटलं अजिबात आठवता कामा नये. बास. तिथून जे सुरू झालं ते राजवाड्यापर्यंत चालत येताना, मग गाडीवर, मग घरी जिन्यात, आणि आत आल्यावर दादा जागाच होता त्यामुळे त्याच्यासकट रात्री दीड वाजेपर्यंत. शेवटी बाबा उठून बाहेर आले, ओरडायला नाही, बोलायला.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २०२१ च्या डिसेंबरात नो वे होम आला (आपल्याकडे अमेरिकेच्या एक दिवस आधी लागला होता, १६ तारखेला, आम्ही सकाळचा शो गाठला होता). त्याच्या शेवटी सगळं जग वाचवायला डॉक्टर स्ट्रेंज हा जादूगार असा मंत्र टाकतो की पीटर पार्कर कोण हे कुणालाच आठवत नाही. मित्राला नाही, एमजेला नाही. आणि त्याला वाढवणारी मे आंटी तर त्याआधीच गेलेली. मग तो कॉफीच्या दुकानात जातो, काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलेलं असतं त्याने, समोर एमजे उभी, कपाळावर छोटीशी पट्टी लावलेली, तीच लढाईतली जखम. तो ती पट्टी बघतो आणि कागदावरचं एक अक्षरही बोलत नाही. कॉफी घेतो, निघतो. पुढचा सीन भाड्याच्या खोलीतला, परीक्षेचं पुस्तक, शिलाई मशीन, स्वतःच शिवलेला ड्रेस. इतके मोठमोठे पिक्चर झाले, आयर्नमॅनचे करोडोंचे सूट झाले, आणि पहिल्यांदा हा मुलगा मला कॉमिक्समधला पीटर वाटला. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत, कुणी नाही, तरी संध्याकाळी खिडकीतनं बाहेर पडतो तो.

दादाचं मत वेगळं. तो कॉमिक्सवाला, पक्का. आम्ही लहानपणी नागराज आणि ध्रुव भाड्याने आणून वाचायचो, एक रुपया रोज, आणि स्पायडरमॅनचे इंग्रजी अंक दादा रद्दीच्या दुकानातनं शोधून काढायचा, अर्धे फाटके असायचे, पण बाइंडिंग करून ठेवलेत अजून. २००२ मधे उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिला स्पायडरमॅन हिंदीत बघितला तेव्हा सगळं थिएटर शिट्ट्या मारत होतं आणि हा बाहेर येऊन गप्प. कारण काय, तर जाळं मनगटातनं आपोआप निघतं! कॉमिक्समधे तो मुलगा स्वतः ते यंत्र बनवतो, आणि ऐन वेळेला त्यातलं जाळं संपतं, ती खरी मजा. दादाचं म्हणणं की गरीब घरातल्या हुशार मुलाची हुशारीच काढून घेतली. पुढे काही काळ कॉमिक्सनेही ते मनगटातलं जाळं उचललं होतं, पण दादाने ते वर्षसुद्धा माफ केलेलं नाही.

मला मात्र जाळं कुठून येतं याने फारसा फरक पडत नाही. ड्रेसचा निळा रंग गडद झाला, शाळेतली पात्रं बदलली, चालतं. मी एवढंच बघते की कॉमिक्समधे त्याने जी किंमत मोजली ती पिक्चरने मोजायला लावली का. १९७३ चा तो अंक, १२१ वा, ज्यात ग्वेन स्टेसी, पीटरची तेव्हाची मैत्रीण, मरते. गॉब्लिन हा खलनायक तिला पुलावरनं खाली टाकतो, स्पायडरमॅन जाळं फेकून तिला पकडतो, आणि त्या चित्रात तिच्या मानेजवळ बारीक अक्षरात एकच आवाज छापलाय, हाड मोडल्याचा. म्हणजे वाचवतानाच ती गेली. पुढे वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना त्यांनीच कबूल केलं की झटक्याने गेली. दादाचा तो अंक नाही, नंतर छापलेल्या पुस्तकात बघितलाय आम्ही, पण मी ते पान कितीतरी वेळा उघडून बसलेय. ती ग्वेन परत आली नाही. तिच्यासारख्या दिसणाऱ्या आल्या, दुसऱ्या दुनियेतल्या आल्या, ती नाही आली. म्हणून तर नो वे होममधे अँड्र्यू गारफील्ड, म्हणजे आधीच्या पिक्चरमधला, दुसऱ्या दुनियेतला स्पायडरमॅन, एमजेला हवेत झेलतो आणि खाली टेकल्यावर त्याचा चेहरा फुटतो तेव्हा सगळं थिएटर शांत झालं होतं, माझ्या शेजारचे काका डोळे पुसत होते. कारण २०१४ च्या पिक्चरमधे त्याच्याच हातनं ग्वेन निसटली होती आणि मधल्या सात वर्षांत कुणी ते पुसलं नव्हतं.

आता सुपरमॅनचं बघा. मॅन ऑफ स्टीलमधे, २०१३, तो झॉड या खलनायकाची मान मोडतो आणि तेव्हापासून लोक भांडतायत की सुपरमॅन मारतो का. दादा लगेच १९८८ चा अंक काढतो, त्यातही त्याने झॉडला मारलंय, आणि बरोबर आहे. पण त्या अंकानंतर काय झालं ते पण वाच ना! त्याला ते सहनच होत नाही, पृथ्वी सोडून जातो तो, कितीतरी अंक स्वतःला शिक्षा करत भटकतो. पिक्चरमधे? एक किंकाळी, आणि पुढच्याच सीनमधे सैन्याचं ड्रोन पाडून जनरलशी हसतखेळत बोलतोय. माझी तक्रार मारल्याची नाहीच, मारल्यावर इतक्या लवकर बरा झाला त्याची आहे.

हीच धास्ती मला डिसेंबरच्या अ‍ॅव्हेंजर्सच्या पिक्चरबद्दल, डूम्सडेबद्दल. २०१९ मधे टोनी स्टार्कने, म्हणजे आयर्नमॅनने, जग वाचवायला चुटकी वाजवली आणि गेला, लोक हमसून हमसून रडले, मी रडले, दादा रडला. आता तोच माणूस, रॉबर्ट डाउनी, डॉक्टर डूम बनून येतोय. भाचा म्हणतो पात्र वेगळंय मावशी, मेलेला टोनी मेलेलाच आहे. मान्य. पण डूम हा कॉमिक्समधला खलनायक १९६२ पासूनचा आहे, स्वतःचा देश चालवतो, चेहरा लोखंडी मुखवट्यामागे लपवतो, चेहरा न दिसणं हाच तर डूम. आणि इथे चेहऱ्यावरच तिकिटं विकायची. मुखवटा शेवटपर्यंत निघाला नाही तर मी माझे शब्द मागे घेईन, मनापासून.

बरं, मूळ मुद्दा. ब्रँड न्यू डे हे नाव ऐकलं आणि दादाने आणि मी एकमेकांकडे बघितलं, कारण कॉमिक्सवाल्यांसाठी ते नाव म्हणजे जुनी जखम. १९८७ मधे कॉमिक्समधे पीटर आणि मेरी जेनचं (एमजेचं) लग्न झालं होतं, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममधे खरोखरचा सोहळा करून स्टॅन लीने ते लावलं सुद्धा. वीस वर्षं संसार. मग २००७ मधे मे आंटीला गोळी लागते, ती मरायला टेकलेली, आणि मेफिस्टो, सैतानच समजा, येऊन म्हणतो की म्हातारी वाचेल पण तुमचं लग्न मला द्या. आणि ते देतात! सकाळी उठल्यावर लग्न कधी झालंच नव्हतं, पीटर एकटा, आंटी ठणठणीत, आणि तिथून पुढच्या गोष्टी ब्रँड न्यू डे या नावाने २००८ पासून सुरू. लोक इतके चिडले की अजून शांत नाही झालेत. ज्याने ती सौद्याची गोष्ट लिहिली त्या स्ट्रॅझिन्स्कीने स्वतःच सांगितलं की शेवटच्या दोन अंकांवरनं माझं नाव काढा असं वाटलं होतं.

लोक म्हणतात सैतान आणला म्हणून वाईट. मला वाटतं सैतानाचं सोडा, वाईट हे की पीटरलाच काही आठवत नाही. बायको गमावली हे ज्याला माहीतच नाही त्याने काय गमावलं? रडायचं काम सगळं वाचकाच्या अंगावर. नो वे होमने बरोब्बर उलटं केलं. मे आंटी खरी गेली, सौदा नाही. जग विसरलं आणि तो एकटा लक्षात ठेवून बसलाय. कॉमिक्सच्या सगळ्यात नावडत्या गोष्टीतनं त्यांनी सगळ्यात चांगला शेवट काढला. आणि आता हा माझा भाचा म्हणतो, नव्या पिक्चरमधे पहिल्या अर्ध्या तासात तिला आठवू दे, कारण पुढे पनिशर आहे, हल्क आहे, वेळ कुठे आहे!

तेव्हा तो म्हणाला, आणि हे मला लागलं, "मावशी तू ना मिगेलसारखं बोलतेयस."

अ‍ॅक्रॉस द स्पायडरव्हर्स ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल किती मोठी शिवी आहे ती. २०२३ चा तो, आपल्याकडे दहा भाषांत आला होता, मराठीत पण, फक्त आमच्या जवळच्या थिएटरला हिंदी आणि इंग्रजीच लागला, मला मराठीत बघायचा होता. त्यातला मिगेल, सगळ्या दुनियांतल्या स्पायडरमॅनांचा म्होरक्या, म्हणतो प्रत्येक स्पायडरमॅनच्या नशिबात कुणीतरी जवळचं मरणं लिहिलेलंच आहे, ते होऊ द्या, आणि माइल्स, त्यातला पोरसवदा हिरो, म्हणतो नाही होऊ देणार. आपला पवित्र प्रभाकर आठवतो ना, त्यातला भारतीय स्पायडरमॅन, मुंबाटनवाला, हसरा, केसांचं कौतुक असलेला. २००४ मधे जेव्हा इथे त्याची कॉमिक्स निघाली तेव्हा तो धोतर घातलेला पीटरच होता, काकाचं नाव भीम, काकूचं माया, दुःखही तेच, नकललेलं. पिक्चरवाल्यांनी त्याला असा मुलगा केला ज्याने अजून काहीच गमावलेलं नाही, आणि माइल्स त्याच्या मैत्रिणीच्या वडिलांना वाचवतो. भाचा म्हणाला, "मग तुझ्या हिशोबाने ते पण मरायला पाहिजे होते?"

पाच मिनिटं मला उत्तर सुचलं नाही, खरंच. मग बाबा बोलले. बाबा इंद्रजाल कॉमिक्सवाले, १९६४ मधे सुरू झालं तेव्हा शाळेत होते, त्यातला वेताल (फँटम) म्हणजे जीव. ते म्हणाले, "अरे, वेतालाचे बाप मेलेच ना. एकवीसावा आहे तो. लोकांना वाटतं चारशे वर्षं एकच माणूस आहे, पण ह्याला माहीत असतं. कवटीवर हात ठेवून शपथ घेतो तेव्हा बाप समोर नसतो." आणि पाणी पिऊन झोपायला गेले.

तेव्हा मला माझं बोलणं नीट सापडलं. होण्याआधी जीव तोडून अडवणं वेगळं, झाल्यावर खोडरबर फिरवणं वेगळं. माइल्स धावतो, पडतो, मार खातो, सगळ्यांशी वैर घेतो, त्याने अडवलं तर ते त्याचं. (पुढचा भाग २०२४ मधे येणार होता, आता २०२७ वर गेलाय, वाट बघून जीव चाललाय.) पण पीटरने डोळे उघडे ठेवून हो म्हटलंय स्ट्रेंजला. ते कुणीतरी मंत्राने परत केलं तर त्या पट्टीचं काय, त्या कागदाचं काय?

भाचा काही बोलला नाही. मला वाटलं जिंकले.

रविवारी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन त्याला भंवरकुआंला त्याच्या खोलीवर सोडायला गेले. खंडव्याहून आलाय तो कोचिंगसाठी, जूनपासून. एरवी खालूनच सोडते, यावेळी ताईने दिलेला डबा होता म्हणून वर गेले. एक पलंग, एक टेबल, पुस्तकांचे गठ्ठे, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, खिडकीतनं समोरच्या हॉस्टेलची भिंत. डबा ठेवला आणि म्हणाला, "मावशी, खंडव्याच्या ग्रुपमधे आता कुणी मला काही विचारत नाही. मीच विचारलं तर उत्तर येतं. म्हणून मला वाटतं तिला आठवावं."

मी पलंगावर बसले. काल रात्रीचं सगळं, १९७३ आणि १९८८ आणि २००७, काही कामाचं नव्हतं तिथे. माझं मत बदललं नाही, तेही खोटं सांगणार नाही. मी त्याला म्हटलं, आठवू नये, पण ओळख व्हावी. पहिल्यापासून. त्याने परत त्या दुकानात जावं, परत कॉफी मागावी, दहा वेळा जावं, आणि तिला तो आवडावा, आत्ताचा तो, जुना आठवला म्हणून नाही. मला तसा पिक्चर हवाय.

त्याने बराच वेळ टेबलावरचं पेन उघडबंद केलं. मग म्हणाला, "चालेल. पण मग कधीतरी तिने आपणहून विचारायला पाहिजे. तू परवा का नाही आलास म्हणून."

हे मला आधी सुचलं नव्हतं. घरी येऊन दादाला सांगितलं, तो म्हणाला लिहून ठेव. ३१ जुलैला शुक्रवार आहे, कोचिंग संध्याकाळी सहाला सुटतं, चार तिकिटं काढायचीत, बाबा पण येतायत.