ओल, चार बकऱ्या आणि पंचवीस पिल्लं

मे महिन्याच्या मध्यावर सासूबाई खळ्यात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांचं. त्यांच्या चार बकऱ्या आणि आधीच सांगून ठेवलेली गिरिराज कोंबडीची पंचवीस पिल्लं, या सगळ्यांची जबाबदारी त्या दिवशी माझ्यावर आली. लग्न होऊन नऊ वर्षं झाली तरी मी बकऱ्यांना फक्त पाणी दाखवलेलं होतं. आमची वाडी वेंगुर्ले तालुक्यात, घरापासून समुद्र ऐकू येतो. कोकणात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे शाळेत पाठ केलं होतं. गोठ्यात त्याचा अर्थ काय होतो, ते या पावसाळ्यात समजलं.

पाऊस लागण्याआधीची कामं सासूबाईंनी पडवीत बसून करून घेतली. सगळ्या बकऱ्यांना जंताचं औषध आणि सरकारी दवाखान्यातून आंत्रविषार या आतड्यांच्या रोगाची लस. ही लस पावसाच्या आधीच टोचायची, कारण मृगात कोवळं लुसलुशीत गवत वर आलं की बकरी अधाशासारखी खाते आणि रोग तिथूनच उचल खातो. गोठ्यातला माच, म्हणजे बकऱ्यांना बसायचा उंच मांडव, आम्ही पोफळीच्या चिवांचा (उभ्या चिरलेल्या पट्ट्यांचा) नवा केला, जमिनीपासून अडीच फूट वर, दोन चिवांमध्ये लेंडी खाली पडेल एवढी फट ठेवून. सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "पाऊस वरसून पडता गो, पण मारता ती खालची ओल." ते वाक्य मला पुढे तीन महिने पुरलं.

पिल्लं २७ मेला आली. पडवीच्या कोपऱ्यात पत्र्याचं गोल कडं केलं, खाली भाताच्या तुसाचा दोन इंच थर, त्यावर वर्तमानपत्र आणि वर साठचा बल्ब. आल्या आल्या गूळपाणी, दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा भरडा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचं, म्हणजे बल्ब थोडा थोडा वर उचलायचा. तापमापक मी वापरला नाही, पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी आहे. कड्याला लागून चोच उघडी टाकून बसली तर उकाडा. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतोय. आणि सगळीकडे पांगून टिपत असली की खुशाल झोपायला जावं.

सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे कोंबड्यांच्या मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, डोळ्यात एकेक थेंब. बाटली शंभर डोसांची आणि कालवली की दोन तासांत संपवायला हवी. मग मी वाडीतल्या तीन घरांना निरोप दिला. लस थर्मासमध्ये बर्फात घालून आणली आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर आमच्या खळ्यात चार घरांची पिल्लं ओळीने टोचून... टोचून कसली, थेंब घालून घेतली. हे सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं. एका घरात मर लागली की ती वाडीभर फिरते.

दहाव्या रात्री वादळ झालं आणि लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. चुलीवर पाणी तापवून प्लास्टिकच्या बाटल्यांत भरलं, बाटल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून कड्यात आडव्या ठेवल्या, वरून अर्ध्या भागावर गोणपाट. दर दोन तासांनी पाणी बदललं. एकही पिल्लू गेलं नाही.

पण त्याच रात्री पडवीत पावसाची झड आली होती आणि माझं लक्ष फक्त उबेकडे होतं. वरचं तूस कोरडं दिसलं म्हणून मी ते तसंच राहू दिलं. पिल्लं तीन आठवड्यांची झाली तेव्हा त्यातली दोन-तीन पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून उभी दिसली. विष्ठेत रक्त होतं. रक्ती हगवण. ओल्या तुसात तिचे जंतू वाढतात आणि पिल्लं तेच तूस टिपत असतात. पशुवैद्यांनी पाण्यातून अँप्रोलियम द्यायला सांगितलं, ते लगेच सुरू केलं, तरी चार दिवसांत सहा पिल्लं गेली. मला फार लागलं ते. झड त्या रात्री आत आली हे मी पाहिलं होतं.

तेव्हापासून सकाळचं पहिलं काम ठरलं. कड्यात हात घालायचा, पाण्याच्या भांड्याजवळचं तूस मुठीत घेऊन दाबायचं आणि मूठ उघडायची. तूस सुटून पडलं तर ठीक. गोळा तसाच राहिला तर तेवढं काढून टाकायचं, बाकीचं खालीवर करायचं आणि नवं कोरडं घालायचं. पाण्याचं भांडं विटेवर ठेवलं, म्हणजे सांडलेलं पाणी तुसात जात नाही. नवं तूस मी चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवते, तिथे धुराने कोरडं राहतं. नंतर एक पिल्लू मुंगसाने नेलं, तेव्हा खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी लावली. बाकी अठरा व्यवस्थित वाढली.

बकऱ्यांचं काम वेगळं. त्यांना पावसात सोडता येत नाही, आणि बांधून ठेवलं तर ओरडून जीव खातात. फणसाचे, उंबराचे टहाळे तोडून आणायचे, पाणी झटकायचं आणि जुडी बांधून डोळ्यांच्या उंचीवर टांगायची. खाली पायदळी गेलेला पाला बकरी हुंगते आणि सोडून देते. उघडीप मिळाली तरी आधी मूठभर कोरडा पेंढा खाऊ घालून मगच बाहेर सोडते, नाहीतर ओल्या गवताने पोट फुगतं. आठवड्यातून एकदा खालची पापणी ओढून बघते. आत लालसर असली तर बरं, पांढुरकी पडली तर जंत झालेत. खुरांत चिखल अडकून सडायला लागतं, म्हणून खूर छाटते, आणि वास येत असला तर मोरचुदाच्या पाण्यात पाय धरते, ते पाणी तिने पिऊ नये याची काळजी घेऊन.

मोठी बकरी काळी, तोंडावर पांढरे पट्टे, आमच्याकडच्या कोकण कन्याळ जातीची. सासूबाईंनी ती १२ फेब्रुवारीला फळवली होती. कॅलेंडरवर दीडशे दिवस मोजून खूण केलेली होती. ती १० जुलैच्या रात्री व्याली, तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राच्या. पहिलं करडू उभं राहून सडाला लागलं. दुसरं लहान, ओलंगच्च, मान टाकून पडलेलं. मी घाईघाईने चीक काढायला बसले, कारण पहिल्या तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे एवढं मला माहीत होतं. सासूबाई दारातून ओरडल्या, "आधी तेच्या तोंडात बोट घालून बघ!"

मी बोट घातलं. ओठ नाही, आतली जीभ थंड होती, विहिरीतल्या दगडासारखी.

"थंड असला तर दूध पाजू नको. आधी ऊब दी, मगे चीक."

गार पडलेल्या करडाला चोखता-गिळता येत नाही, दूध श्वासनळीत जातं, हे नंतर पशुवैद्यांनीही सांगितलं. मी त्याला गोणपाटाने खसाखसा पुसलं, नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं आणि चुलीजवळ मांडीवर घेऊन बसले. मध्ये मध्ये बोट घालून बघत होते. पाऊण तासाने जीभ कोमट लागली आणि तिने माझं बोट दाबलं. तेव्हा बाटलीने चीक पाजला, एका वेळी थोडा थोडा, रात्रीतून चार वेळा. पहाटे ते स्वतःच्या पायांवर आईकडे गेलं.

गणपतीत मुंबईची माणसं आली, घर भरलं. सासूबाईंचा हात तोवर हलका झाला होता. चतुर्थीच्या सकाळी, पूजेची तयारी सोडून, त्या मागच्या दाराने खुराड्याकडे गेल्या. उजव्या हाताने तूस उचललं, दाबलं, मूठ उघडली. तूस बोटांतून सुटून खाली पडलं. मग त्या हात धुवून मोदकांच्या सारणाकडे वळल्या.