शार्लट ते सेंट हेलेना, व्हाया कोलार्ड ग्रीन्स

अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनला जाऊन आलेला कुणीही मराठी माणूस भेटला की रेनबो रोची रंगीत घरं, घोडागाडीची राइड आणि बीच, एवढंच सांगतो. ते सगळं छानच आहे, नाही म्हणत नाही. पण मी इथे पालेभाजीबद्दल लिहिणार आहे, त्यामुळे घरांचे फोटो हवे असतील तर इन्स्टावर भरपूर आहेत, तिकडे बघा.

तर कोलार्ड. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल हे सगळं शास्त्राच्या हिशेबाने एकच झाड आहे, ब्रासिका ओलेरासिया, आणि कोलार्ड पण त्यातलंच, फक्त हे गड्डा धरत नाही, पानं नुसती मोठी मोठी होत जातात. दीड दीड वीत रुंद, जाड, निळसर हिरवी, वर मेणासारखा थर, पाणी टाकलं की थेंब घरंगळतात. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहायला आलो तेव्हापासून ग्रोसरी स्टोअरमध्ये ही जुडी बघत होतो, पण एवढा राठ पाला घरी नेऊन करायचं काय हा प्रश्न. ऑफिसच्या एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, खाल्ली होती, हिरवट पाणचट लगदा आणि वरून मीठच मीठ, त्यामुळे काही प्रेम वगैरे नव्हतं.

नाताळ ते न्यू इयर सुट्टी होती, म्हणून साउथ कॅरोलिनाला खाली समुद्रापर्यंत जायचं ठरलं. बायको, मुलगा आणि मी. हायवे ७७ ने शार्लटवरून कोलंबिया, म्हणजे साउथ कॅरोलिनाची राजधानी, दीड तासाच्या आसपास, आणि कोलंबियाच्या अलीकडे-पलीकडे जे आहे ते लेक्सिंग्टन काउंटी, म्हणजे कोलार्डचं माहेरघर. साउथ कॅरोलिनाने २०११ साली कोलार्डला राज्याची अधिकृत भाजी म्हणून जाहीर केलंय, कायदा करून! आपल्याकडे राज्यफूल, राज्यपक्षी ऐकलंय, राज्यभाजी ठरवायची म्हटलं तर विधानसभेत वांगी की मेथी यावरून सभात्याग होईल.

वेस्ट कोलंबियाला स्टेट फार्मर्स मार्केट आहे, तिथे थांबलो. मोठमोठ्या शेड, शेतकरी पिकअप ट्रक उलटा लावून मागचं फळकं पाडून बसलेले आणि त्यावर कोलार्डचे ढीग. जुडी म्हणजे आपल्या पालकाची नाही हां, अख्खी झाडं बुंध्यापासून कापून दोरीने बांधलेली, एक जुडी उचलली की दुसऱ्या हातात काही धरता येत नाही. आणि गर्दी! मला वाटलं सेल लागलाय. नंतर कळलं की १ जानेवारीला इथे कोलार्ड, चवळी आणि कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा ब्रेड) खायचंच असतं. चवळी-तांदळाचा जो भात करतात त्याला हॉपिन जॉन म्हणतात. कोलार्ड म्हणजे नोटा, चवळी म्हणजे चिल्लर आणि कॉर्नब्रेड म्हणजे सोनं, असं ते वर्षभराच्या बरकतीचं गणित. त्यामुळे नव्या वर्षाच्या आधी सगळा साउथ, म्हणजे अमेरिकेचा दक्षिण भाग, पाला घ्यायला निघालेला असतो.

ज्या आजींकडून मी घेतली त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, आजच करणार की ठेवणार? म्हटलं दोन-तीन दिवस डिकीत राहील. मग त्यांनी खालून एक वेगळी जुडी काढून दिली, पानांच्या कडा जरा जांभळट, म्हणाल्या हिच्यावर दव गोठून गेलंय, ही घे, ही गोड. यात तथ्य आहे, नुसतं बोलायचं म्हणून नाही. थंडी पडली की हे झाड स्वतः गोठू नये म्हणून पानात साखर साठवतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीचा पाला आणि जुलैचा पाला यांच्या चवीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. उन्हाळ्यातला कडू आणि उग्र. पॉटलकवाली बहुतेक ऑगस्टची होती.

जुडी डिकीत टाकून हायवे २६ ने चार्ल्स्टन. मुलगा पूर्ण रस्ता वास येतो वास येतो करत होता. कोबीच्याच कुळातली असल्यामुळे गंधकाचा वास येतो थोडा, खोटं कशाला बोलू.

चार्ल्स्टनमध्ये आम्ही सकाळी इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम बघितलं. २०२३ मध्ये उघडलं, आणि जागा मुद्दाम निवडलेली, गॅड्सडेन्स व्हार्फ, जिथे आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं जहाजातून उतरवून विकली जायची. इमारत जमिनीवर टेकवलेलीच नाही, खांबांवर उचललेली आहे, खालची जमीन मोकळी ठेवलीय. तिथून बाहेर आल्यावर लगेच रंगीत घरांसमोर सेल्फी काढायची इच्छा आम्हाला तरी झाली नाही, जेवायलाच गेलो.

इथल्या जुन्या ब्लॅक खानावळींपैकी मार्था लू गॅड्सडेन यांची गुलाबी रंगाची छोटीशी जागा फार प्रसिद्ध होती, १९८३ ते २०२० चालली, आता नाही. आम्ही गेलो ती दुसरी, शहराच्या उत्तरेला, साध्या ब्लॉकच्या भिंती, वाफाळलेल्या काचा. पद्धत मीट अँड थ्री, म्हणजे एक मटण-चिकन जे असेल ते आणि तीन भाज्या. भाज्यांच्या यादीत मॅक अँड चीज, म्हणजे चीजमधली मॅकरोनी, पण असतं, त्यावर इथे कुणालाच काही वाटत नाही. मी तळलेलं चिकन आणि तिन्हीपैकी दोन भाज्या कोलार्डच सांगितल्या, काउंटरवरच्या बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि वाढल्या.

पहिला घास घेतला आणि पॉटलकचं सगळं विसरलो. गडद ऑलिव्ह हिरवी, मऊ पण गाळ नाही, दाताखाली पान लागतंय, धुरकट, मागून हलकी आंबट आणि मग तिखट. टेबलावर एक बाटली असते, त्यात बारीक हिरव्या-लाल मिरच्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या, ते व्हिनेगर वरून शिंपडायचं. पण खरी मजा बाऊलच्या तळाला जे पाणी होतं त्यात होती. त्याला इथे पॉटलिकर म्हणतात. शेजारच्या टेबलावरचे आजोबा भाजी संपवून बाऊल तोंडाला लावून ते पीत होते, अगदी ताक प्यावं तसं निवांत.

या पाण्यात कॉर्नब्रेड बुडवायचा की कुस्करायचा यावर १९३१ साली पेपरमधून भांडण झालंय, गंमत नाही. लुइझियानाचा गव्हर्नर ह्यूई लाँग बुडवणाऱ्यांच्या बाजूने आणि अटलांटा कॉन्स्टिट्यूशन हा पेपर कुस्करणाऱ्यांच्या बाजूने, कित्येक दिवस पत्रं आणि अग्रलेख. ऐन मंदीत. मी कुस्करणारा, बायको बुडवणारी, त्यामुळे आमच्याकडे अजून निकाल लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी हायवे १७ ने खाली ब्यूफर्टकडे. इथून पुढे रस्ता म्हणजे दोन्हीकडे खाजण, लांबच लांब पिवळं गवत, मध्ये मध्ये पाणी चमकतंय, आणि ओकच्या झाडांवर त्या राखाडी जटा लोंबत असतात. ब्यूफर्टचा पूल ओलांडून सेंट हेलेना बेट. हा गल्ला गीची लोकांचा प्रदेश. पश्चिम आफ्रिकेतून भातशेतीसाठी आणलेल्या लोकांचे हे वंशज, बेटांवर तुटक राहिल्यामुळे त्यांची स्वतःची बोली, स्वतःचं जेवण टिकलं. इथलं पेन सेंटर १८६२ पासूनचं, गुलामीतून सुटलेल्यांसाठीच्या दक्षिणेतल्या अगदी पहिल्या शाळांपैकी एक, आणि पुढे १९६०च्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग इथे आपल्या लोकांना घेऊन बैठकांसाठी यायचे.

कोलार्ड मूळची आफ्रिकेची नाही, युरोपातून आली. पण गुलाम माणसं मालकाच्या शेतात दिवसभर राबून संध्याकाळी झोपडीमागच्या तुकड्यात स्वतःपुरतं जे पिकवायची त्यात ही भाजी होती, कारण थंडीतही मरत नाही, खालची पानं तोडली की वरून येत राहते. मांस म्हणजे मालकाला नको असलेलं, पाय, मान, चरबीचा तुकडा, तेही खारवून धुरी दिलेलं. ते भांड्यात तासन्‌तास उकळायचं, त्यात पाला, आणि पाणी फेकायचं नाही, कारण पाल्यातलं बरंचसं सत्त्व त्याच पाण्यात उतरलेलं असतं.

आम्ही राहिलो त्या घराची देखभाल करणाऱ्या बाई शेजारीच राहायच्या. चावी द्यायला आल्या, किचनच्या ओट्यावर माझी जुडी बघितली आणि विचारलं, मांस कुठलं घालणार? मी म्हटलं बायको खात नाही, म्हणून नुसत्या पाण्यात. त्या काही बोलल्या नाहीत, घरी गेल्या आणि धुरावलेला टर्कीचा एक पंख घेऊन आल्या. म्हणाल्या, हनी, तुझं तू वेगळ्या भांड्यात कर, तिचं मी सांगते.

आता कृती, त्यांनी करून घेतली तशी. आधी धुणं. सिंक भरून गार पाणी, पानं बुडवून हलवायची, हाताने वर उचलून काढायची आणि मग पाणी सोडायचं, तळाला वाळू दिसेल. उलट केलं, म्हणजे पाणी पानांवरूनच सोडलं, की वाळू परत पानांवर. तळाला कचकच लागेनाशी होईपर्यंत हेच. मग पान मधून दुमडून जाड शीर सुरीने कापून टाकायची. पाच-सहा पानं एकावर एक, अळूवडीसारखी घट्ट गुंडाळी आणि बोटभर रुंद पट्ट्या.

पण हे करायच्या आधी गॅसवर पाणी चढलेलं पाहिजे, हा त्यांचा सगळ्यात मोठा आग्रह. साधारण किलोभर पाल्याला आठ कप पाणी, त्यात टर्कीचा पंख, एक कांदा मोठा चिरून, चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून, लाल मिरचीचा चुरा, मिरपूड. झाकण ठेवून मंद आचेवर तासभर, जमलं तर दीड तास. मीठ नाही! धुरी दिलेल्या मांसात आधीच मीठ असतं, आणि पाणी पुढे आटतं, आत्ता बरोबर वाटलं तर शेवटी खारट होणार. तासाभराने त्यांनी चमचाभर पाणी मला चाखायला दिलं आणि म्हणाल्या, हे नुसतं पिण्यासारखं लागत नसेल तर पाला घालूच नकोस. माझ्या मते सगळी भाजी या एका वाक्यात आहे. बेचव उकळ्या पाण्यात पाला टाकून वरून कितीही मसाले मारा, ते पान आतून फिकंच राहतं.

मग पाला मूठ मूठ घालायचा, भांड्यात मावणार नाही असं वाटतं पण दोन मिनिटांत बसतो, की पुढची मूठ. थंडीतला कोवळा पाला पाऊण तासात होतो, जून असेल तर सव्वा तास. व्हिनेगर शेवटच्या दहा मिनिटांत, किलोला एक-दोन मोठे चमचे, साखर चिमूटभर. काही जण व्हिनेगर सुरुवातीलाच घालतात, मला ते पटत नाही, आंबट पाण्यात पाला मऊ व्हायला जास्त वेळ लागतो. मीठ अगदी शेवटी. पंख बाहेर काढून मांस सोडवून परत भाजीत.

बायकोचं भांडं दुसऱ्या शेगडीवर. तिच्यात कांदा तेलावर चांगला तपकिरी होईपर्यंत परतला, लसूण, स्मोक्ड पॅप्रिका (धुरी दिलेल्या लाल मिरचीची पूड), पाणी, मशरूम मूठभर, आणि तेच व्हिनेगर. बाईंनी चाखून मान डोलावली, फार खूश वगैरे नाही झाल्या. घरी आल्यावर आम्ही त्यात आपला जुगाड लावला, तयार भाजीत वाटी ठेवून पेटता कोळसा, त्यावर तूप, आणि लगेच झाकण. पाच मिनिटं. आता खरं सांगायचं तर ते भांडं आधी संपतं.

ऑफिसच्या टीममधला काश्मिरी पंडित मित्र हे सगळं ऐकून हसला, म्हणाला आम्ही अमेरिकेत आल्यापासून कोलार्डच आणतो, ‘हाक’ करायला, म्हणजे त्यांची पाल्याची रस्साभाजी. त्यांच्याकडे मोहरीचं तेल कडकडीत तापवून हिंग, सुकी लाल मिरची, पाणी आणि पाला, कांदा-लसूण काही नाही, आणि भातावर रश्श्यासकट. त्याने डब्यात आणली होती, फारच भारी, आणि वेळ अर्ध्याहून कमी. आठवड्याच्या दिवशी मी आता तीच करतो, साउथवाली रविवारची.

कॉर्नब्रेडचं थोडक्यात, बिडाचा तवा ओव्हनमध्ये आधी तापवून घ्या आणि पिठात साखर घालू नका. उरलेला पॉटलिकर फ्रीज करून ठेवा, त्यात चवळी शिजवली की वेगळी आमटी करायला नको.

नॉर्थ कॅरोलिनात एडन नावाच्या गावी १९७५ पासून कोलार्ड फेस्टिव्हल असतो, त्यात कोलार्ड खायची स्पर्धा पण असते. मित्र मागे लागलेत चल म्हणून. पण तो असतो सप्टेंबरमध्ये, तेव्हा पाल्याने थंडी कुठे बघितलेली असते? मी जानेवारीत परत वेस्ट कोलंबियाच्या मार्केटलाच जाणार, डिकी मोकळी ठेवून.