इतरमध्ये काय ते लिहा

कार्यक्रम पार पडला, गर्दीही झाली. पण स्पीकरच्या परवानगीचा विषय निघाला की अजून डोकं तडकतं, म्हणून लिहितोय.

आमच्या शहरातलं जुनं वस्तुसंग्रहालय एक शनिवार रात्री नऊपर्यंत उघडं ठेवायचं आणि कॉलेजच्या पोरापोरींना आत आणायचं, एवढाच बेत होता. बर्लिनमध्ये १९९७ पासून अशी संग्रहालयांची रात्र भरते, हे प्रस्तावात घातलं होतं. विश्वस्तांनी होकार दिला. अडलं ते पुढे.

शस्त्रदालनात पोवाडा ठेवला होता. माईक आला म्हणजे लेखी परवानगी आली. अर्जात कार्यक्रमाचा प्रकार विचारला होता: विवाह, वाढदिवस, धार्मिक, राजकीय, इतर. आम्ही ‘इतर’वर खूण केली. खिडकीमागचे साहेब म्हणाले, “इतर म्हणजे काय ते लिहा.” लिहिलं. “संग्रहालयात गाणं कशाला? लोक वस्तू बघायला येतात ना?” बरं, कोणत्या दालनात, तर शस्त्रदालनात. ‘शस्त्र’ म्हटल्यावर साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्या तलवारी काचेच्या कपाटात कुलूपबंद आहेत, असं संग्रहालयाचं पत्र आणा म्हणाले. ते आणलं, तर त्यावर जावक क्रमांक नव्हता. क्रमांक घालून आणला, तोवर साहेब बंदोबस्तावर गेलेले आणि त्यांच्या जागी बसलेल्यांना शेजारच्या शाळेचा शोध लागला. शांतता क्षेत्र! शनिवारी संध्याकाळी सातला शाळेत कोण असतं, हे विचारायची सोय नव्हती. मग शाळेची ना हरकत. मुख्याध्यापकांनी मात्र चहा पाजून पाच मिनिटांत सही दिली. ती घेऊन गेलो तर फाइल ‘वर’ गेलेली. वर म्हणजे कुठे, ते कोणी सांगेना.

शेवटी शाहिरांच्या कानावर घातलं. ते हसले. “माईक नव्हता तेव्हा आम्ही काय मुके होतो?” बिनमाईकचं करायचं ठरलं आणि तो कागदच नको झाला. दगडी दालनात डफावर पहिली थाप पडली तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेल्या पोरांनी मोबाइल खाली केले. परवानगीचा अर्ज अजून वरच आहे, असू दे.

तुम्ही करणार असाल तर तारीख आधी बघा. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन कागदावर शोभतो, पण तेव्हा आपल्याकडे सुट्ट्या असतात आणि हॉस्टेलं रिकामी. डिसेंबर-जानेवारी धरा. क्युरेटर मॅडमच्या अटींवर हुज्जत घालू नका. जुनं कापड आणि कागद साधारण ५० लक्सच्या मंद उजेडात ठेवतात, त्यामुळे फ्लॅश बंद म्हणजे बंद. खाणं अंगणातच, कारण सांडलेल्या चुऱ्याला मुंग्या-झुरळं लागतात आणि मग कीड वस्तूंपर्यंत जाते.

भाषणं ठेवू नका. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ पोरं रमली ती अडकित्त्यांच्या कपाटासमोर. प्रत्येकाला कागद-पेन्सिल दिली आणि एकच अडकित्ता काढायला सांगितला. घोड्याच्या आकाराच्या अडकित्त्यासमोर तर रांग लागली. “हे सुपारी कातरायला?” असं एकीने तीनदा विचारलं.

हो, आणि रखवालदारकाकांची ड्यूटी सहाला संपते. जादा वेळेचे पैसे आधीच मंजूर करून घ्या आणि स्वच्छतागृहाची किल्ली त्यांच्याकडून दुपारीच मागून ठेवा.