ड्यूशेनचं निदान: सीपीकेपासून जनुकाच्या अहवालापर्यंत

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे मुलग्यांचे स्नायू हळूहळू निकामी करणारा जनुकीय आजार. त्याच्या सगळ्या धावपळीतून हाती लागायला हवी ती एक ओळ: जनुकात नेमकं काय बिघडलंय. आमच्या मुलाच्या अहवालात ती अशी आहे: 'डीएमडी जनुक, एक्झॉन ४५ ते ५० गहाळ' (डीएमडी हा या आजाराचा जनुक, एक्झॉन हे त्याचे तुकडे). औषधांचा विचार, माझी तपासणी, माझ्या बहिणीची तपासणी, पुढचं बाळंतपण, सगळं या एका ओळीवर ठरतं. तिथपर्यंत पोचताना पालक कुठे अडकतात आणि का, ते लिहिते.

पहिली अडचण घरातच असते. दीड वर्ष झालं तरी मुलगा चालत नाही, तर 'मुलगे उशिराच चालतात'. जिन्यावर दर पायरीला दोन्ही पाय टेकतो, तर 'आळशी आहे'. पोटऱ्या टणक आणि भरदार दिसतात, तर चक्क कौतुक होतं. चवड्यांवर चालणं, पोट पुढे काढून डुलत चालणं, उशिरा बोलणं, सारखं पडणं, यातलं एकेक वेगळं पाहिलं तर किरकोळ वाटतं. एकत्र आलं तर तपासणी हवीच.

घरी पाहता येईल अशी एक खूण आहे. मुलाला जमिनीवर उताणं झोपवा आणि कशालाही न धरता उठायला सांगा. चार वर्षांचं निरोगी मूल सरळ उठून पळतं. ड्यूशेनचा मुलगा आधी पालथा होतो, दोन्ही हात टेकतो, पाय फाकवून ढुंगण वर काढतो, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच पायांवर हात चढवत धड सरळ करतो. कंबरेचे आणि मांडीचे स्नायू कमी पडतात, ते काम हात करतात. डॉक्टर याला गॉवर्स साइन म्हणतात. हाफ पँटवर, बाजूने, पूर्ण उंची दिसेल असा याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, जिना चढतानाचाही. ओपीडीत मूल रडतं, आईला चिकटतं, आणि डॉक्टरांना जे पाहायचं असतं ते दिसतच नाही.

पुढची पायरी सीपीके, म्हणजे क्रिएटिन फॉस्फोकायनेज. कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होणारी साधी रक्ततपासणी. मुलांमध्ये हा आकडा साधारण दोनशेच्या आत असतो, ड्यूशेनमध्ये दहा-वीस हजार किंवा त्याहून जास्त. स्नायूच्या पेशीचं आवरण आतल्या सांगाड्याशी बांधून ठेवायला डिस्ट्रॉफिन हे प्रथिन लागतं. ते नसलं की स्नायू आकुंचन पावताना आवरण फाटतं आणि आतलं सीपीके रक्तात उतरतं. खेळून किंवा इंजेक्शन घेऊन आलेल्या मुलाचाही आकडा वाढतो, पण दहा हजारांवर एवढ्याने जात नाही. आकडा जन्मापासून वाढलेला असतो, त्यामुळे 'अजून लहान आहे, सहा महिन्यांनी बघू' याला अर्थ नाही. उलट मोठ्या वयात स्नायू कमी होत जातात तसा सीपीके उतरतो. ती सुधारणा नव्हे. आणि हा आकडा साधारण आला, तर ड्यूशेन जवळपास बाद. ढिलं अंग आणि साधारण सीपीके असेल तर एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी) सारख्या दुसऱ्या आजारांच्या वाटेने जावं लागतं.

इथे एक सापळा आहे आणि त्यात फार जण सापडतात. तापाच्या निमित्ताने लिव्हरच्या तपासण्या होतात, एसजीओटी-एसजीपीटी दोनशे-तीनशे येतात आणि मुलाला काविळीच्या रांगेत बसवलं जातं. पथ्य, लिव्हरचं टॉनिक, हिपॅटायटिसच्या चाचण्या, क्वचित लिव्हरची बायॉप्सीसुद्धा. ही दोन्ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात. बिलिरुबिन आणि जीजीटी साधारण आहे, पण एसजीपीटी महिनोन्‌महिने उतरत नाही, असं असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, 'सीपीके करायचं का?' या एका प्रश्नाने वर्ष वाचू शकतं.

सीपीके हजारांत आलं की जनुकाची तपासणी. तिचा क्रम महत्त्वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात. डीएमडी जनुकाचे ७९ एक्झॉन, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे. ६० ते ७० टक्के मुलांमध्ये यातले एक किंवा अनेक तुकडे गहाळ असतात, दहाएक टक्क्यांत दुप्पट झालेले असतात, उरलेल्यांत एखाद-दुसऱ्या अक्षराची चूक असते. म्हणून आधी एमएलपीए: यात ७९ च्या ७९ तुकडे मोजले जातात. त्यात काही नाही सापडलं, तर जनुकाचं अक्षर न् अक्षर वाचणारं सिक्वेन्सिंग. तेही कोरं आलं, तर स्नायूची बायॉप्सी. पूर्वी बायॉप्सी आधी होई. आज कुणी सुरुवातीलाच बायॉप्सी सांगितली, तर आधी जनुकाची तपासणी का नको, एवढं जरूर विचारावं.

घोटाळा दोन ठिकाणी होतो. एक, थेट एक्झोम, म्हणजे सगळ्याच जनुकांचे एक्झॉन एकदम वाचणारी तपासणी, पाठवलं जातं. अक्षरांच्या चुका पकडायला ते चांगलं, पण एखादा एक्झॉन गहाळ किंवा दुप्पट असेल तर निसटू शकतं, आणि 'निगेटिव्ह' वाचून घरचे निर्धास्त होतात. दोन, जुन्या पद्धतीचं मल्टिप्लेक्स पीसीआर. ते ठरावीक एक्झॉनच बघतं, दुप्पट झालेले दाखवत नाही, आणि आई वाहक (बिघडलेला जनुक स्वतःत बाळगणारी) आहे का याला त्याचा उपयोग नाही. अहवालावर पद्धतीचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचा. एमएलपीएमध्ये एकच एक्झॉन गहाळ दिसत असेल, तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी लागते, कारण चाचणी जिथे चिकटते नेमक्या त्या जागी अक्षर बदललेलं असलं तरी तुकडा नसल्यासारखा दिसतो.

रक्त जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत घेतात, उपाशीपोटी असण्याची गरज नाही. नळी फ्रीझरमध्ये ठेवायची नाही. मुलाला अलीकडे रक्त चढवलं असेल तर सांगायचं.

आता त्या ओळीकडे. जनुकातली अक्षरं पेशी तीन-तीनच्या गटाने वाचते. गहाळ झालेल्या अक्षरांना तीनने भाग गेला तर पुढचं वाचन जागेवर राहतं, प्रथिन आखूड पण कामचलाऊ बनतं, आणि आजार बहुधा सौम्य, बेकर प्रकारचा असतो. भाग गेला नाही तर पुढचं सगळं वाचन घसरतं, प्रथिन जवळजवळ बनतच नाही: ड्यूशेन. ४५ वा एक्झॉन १७६ अक्षरांचा, ४६ वा १४८, ४७ वा १५०, ४८ वा १८६, ४९ वा १०२, ५० वा १०९. ज्याचे ४५ ते ४८ गहाळ, त्याची ६६० अक्षरं गेली. तीनने नि:शेष भाग जातो, बेकर. ज्याचा फक्त ४५ वा गहाळ, त्याची १७६ च गेली; भाग जात नाही, ड्यूशेन. म्हणजे जास्त गहाळ म्हणून आजार जास्त, असा हिशेब नाही. आमच्या मुलाची ४५ ते ५० मिळून ८७१ गेलेली आहेत. बाकी एक उरते. आता ५१ वा एक्झॉन २३३ अक्षरांचा. तोही वाचताना वगळायला लावला तर ११०४, आणि भाग जातो. एक्झॉन स्किपिंगच्या औषधांमागचं गणित एवढंच. हा नियम दहातल्या एखाद्या मुलात चुकतो, म्हणून अहवालाबरोबर मुलाची प्रत्यक्ष तपासणीही बघतात.

५१ वा वगळणारं एटेप्लिरसेन अमेरिकेत २०१६ साली मान्य झालं, युरोपने ते नाकारलं, आणि फायदा किती यावर आजही वाद आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या जीन थेरपीची किंमत ३२ लाख डॉलर. २०२५ मध्ये ती घेतलेल्या मुलांचे यकृत निकामी होऊन मृत्यू झाले आणि तिच्यावर निर्बंध आले. ही माहिती असावी, पण घर विकायची घाई नको. स्टेम सेलच्या जाहिराती तर आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांखेरीज स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, बाकी जे ते क्लिनिकल ट्रायल, म्हणजे संशोधनाची चाचणी, म्हणूनच करायचं. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. कुणी लाखांचं पॅकेज सांगितलं की एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

घरात सगळ्यात कडवट भाग आईच्या तपासणीचा. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, मुलाला तो आईकडून येतो, आणि मग 'तुझ्या माहेरचं' सुरू होतं. साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये बिघाड नव्यानेच झालेला असतो, आईच्या रक्तात तो नसतो. मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून झालं, हेही ड्यूशेनला लागू नाही; नात्यातल्या लग्नाचा संबंध आई-वडील दोघांकडून बिघडलेला जनुक यावा लागतो अशा आजारांशी असतो. आईची तपासणी मुलाचा अहवाल हातात आल्यावरच करावी, म्हणजे काय शोधायचं ते लॅबला माहीत असतं. आई वाहक असेल तर दर मुलाला आजाराची शक्यता निम्मी, दर मुलीला वाहक असण्याची निम्मी. मग मावशी, मावसबहिणी यांनाही सांगावं लागतं. अवघड जातं, पण त्यांच्या पोटात बाळ असताना कळण्यापेक्षा बरं. वाहक बाईच्या स्वतःच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो, म्हणून तिचा इको (हृदयाची सोनोग्राफी) अधूनमधून करायचा. मुलाच्या लहान बहिणीची वाहक तपासणी तिला समज येईपर्यंत सहसा करत नाहीत.

आईचं रक्त निगेटिव्ह आलं तरी पुढच्या बाळाला थोडी जोखीम उरते, कारण बिघाड फक्त काही बीजपेशींत असू शकतो. म्हणून गर्भतपासणी दोन्ही परिस्थितींत सुचवतात. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याची भीती घालून काही जण परत पाठवतात. त्या कायद्यात लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारासाठी तपासणीची मुभा स्पष्ट आहे. केंद्र नोंदणीकृत हवं आणि संमतीचा जी फॉर्म आपल्याला समजणाऱ्या भाषेत भरून घेतलेला हवा. मुलाचा अहवाल आधीपासून तयार नसेल, तर त्या दोन-तीन आठवड्यांत काही होत नाही.

उपचारात आज आपल्या हातातलं मुख्य औषध स्टेरॉइड. डिफ्लाझाकॉर्ट किलोमागे रोज ०.९ मिलिग्रॅम किंवा प्रेडनिसोलोन ०.७५. अठरा किलोच्या मुलाला डिफ्लाझाकॉर्ट सोळा मिलिग्रॅमच्या आसपास बसतं. आपल्याकडे गोळी ६ मिलिग्रॅमची मिळते, म्हणून अडीच की तीन ते डॉक्टर ठरवतात. चार-पाच वर्षांच्या सुमाराला, ताकद उतरणीला लागण्याआधी सुरू करतात. त्याआधी कांजिण्या आणि गोवर-गालफुगीच्या लसी पूर्ण हव्यात, कारण नंतर जिवंत लस देता येत नाही. वजन वाढतं, उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होऊ शकतो, चिडचिड वाढते. तरीही मुलगा जास्त वर्षं चालतो, म्हणून देतात. वजन वाढलं म्हणून मनाने गोळी बंद करणं सगळ्यात धोक्याचं. शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवलेलं असतं, आणि एकदम बंद केलं तर जिवावर बेततं. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल, तर इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही.

इको निदानाच्या वेळी आणि मग दरवर्षी. रोज घोट्याचे स्ट्रेचिंग, रात्री स्प्लिंट. पोहणं उत्तम. जिना उतरणं, ट्रॅम्पोलिन, उड्या नकोत, कारण ताणलं जात असतानाच जोर लावावा लागला की स्नायू जास्त फाटतो. शाळेला लेखी कळवा की उठाबशांची शिक्षा या मुलाला चालणार नाही. दमल्यावर लघवी चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. वर्ग तळमजल्यावर मागा, आणि कमोड आहे का ते बघा. भारतीय पद्धतीच्या संडासात बसलं की उठता येत नाही, आणि लाजेपोटी मुलं पाणी प्यायचं बंद करतात.

कागदपत्रांत, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं. चालत्या मुलाला दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी मिळू शकतं, आणि बहुतेक सवलती ४० पासून आहेत. म्हणून जनुकाचा अहवाल आणि तो व्हिडिओ बरोबर न्या, आणि आजार वाढता आहे, फेरतपासणी लागेल, हे नोंदवून घ्या. निरामय विम्यासाठी खटपट करू नका. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसाठी आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ड्यूशेन तिसऱ्या गटात (उपचार आहे, पण फार महाग, अशा आजारांच्या) आहे, आणि महाराष्ट्रातलं उत्कृष्टता केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात.

फाइलच्या सगळ्यात वर एक कागद ठेवा, मोठ्या अक्षरांत: ड्यूशेन आहे, रोज स्टेरॉइड सुरू आहे, भूल देताना सक्सामेथोनियम आणि हुंगवायची भूल टाळावी. त्याने स्नायू एकदम विरघळून रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडू शकतं. हात मोडला म्हणून रात्री नेलं, दात काढायला नेलं, तरी हा कागद भूलतज्ज्ञाच्या हातात आधी द्यायचा. एक प्रत शाळेत, एक आजी-आजोबांकडे.