वहीच्या तळाशी काढलेला आरसा

मोडी वाचताना अक्षरांपेक्षा सलग लेखन अधिक छळते. ओळभर शिरोरेघ आधी ओढलेली असते, तिच्याखाली लेखणी फारशी न उचलता लिहिलेले असते. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचे. वर्ष सुहूर सनात, म्हणजे जुन्या कागदांतल्या अरबी कालगणनेत असले, तर अरबी शब्दांतली संख्या उलगडून, इसवी सन काढायला तिच्यात 599 किंवा 600 मिळवावे लागतात.

निफाडकडचे एक गृहस्थ तीर्थोपाध्यायांच्या वहीतील नोंदीचा फोटो आणि कोणीतरी करून दिलेले लिप्यंतर घेऊन आले. गावच्या महादेवाची पिंड आपल्या पूर्वजाने, म्हणजे तेव्हाच्या पाटलाने, त्र्यंबकेश्वराहून आणली, अशी घराण्याची श्रद्धा होती आणि जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत ती छापायची होती. नोंद त्र्यंबकेश्वराचे आजचे देऊळ बांधले जात असतानाची, म्हणजे 1755 ते 1786 या काळातली निघाली. मात्र फोटोत पानाची खालची कड आलेलीच नव्हती. मूळ पान न पाहता लिप्यंतराचे पैसे घेणाऱ्यांची मला मनस्वी चीड आहे.

आम्ही पंचवटीत त्या तीर्थोपाध्याय गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी फडके सोडून लांबट वही उघडली. ‘मोकदम’, म्हणजे पाटील, असा वाचलेला शब्द प्रत्यक्षात ‘मजकूर’ होता. ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेले गाव. त्रिंबकीहून देव घेऊन माणूस गावी निघाल्याचे मात्र स्वच्छ लिहिले होते. त्याखाली, सहीच्या जागी, बोरूने काढलेले पैशाएवढे वर्तुळ आणि त्याला आखूड मूठ. लिहिता न येणारा वतनदार कागदावर आपल्या वतनाची निशाणी काढी: पाटील नांगर, चांभार आरी, न्हावी आरसा. हा आरसा होता.

नोंदीतील माणसाचे आणि त्याच्या वडिलांचे नाव गृहस्थांच्या वंशावळीत आहे. पण ती दोन्ही नावे त्या काळी घरोघरी असत. गावात न्हाव्याचे जुने घर आजही आहे, आणि स्मरणिकेच्या समितीत त्या घरातले कोणी नाही, हे गृहस्थांनीच परतताना सांगितले.

“सर, ते चित्र लिप्यंतरात घ्यावंच लागतं का?”

“घ्यावंच लागतं,” मी म्हणालो, आणि मूठही जेवढी होती तेवढीच काढली.

गुरुजींनी वही उघडली ती आपल्या यजमानासाठी. त्यामुळे त्या दुसऱ्या घरी आपण होऊन जावे का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. लिप्यंतराची प्रत माझ्या टेबलावर आहे. ती न्यायला कोणी आलेले नाही.