नवी चाल कुठे बसते? तुम्ही विचारलंत म्हणून

मुंबईच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनागृहात, मी प्रार्थना चालवतो, म्हणून मला हमखास विचारले जाते की, तरुणांनी यावे असे वाटते, तर प्रार्थनागीतांच्या चाली नव्या का घेत नाही? वडीलधारे नेमके उलटे विचारतात: होती ती चाल का बदललीत? दोघांना माझे उत्तर एकच असते. बदल हवा की नको यापेक्षा तो कुठे करायचा हे महत्त्वाचे आहे, आणि तशा जागा आमच्या उपासनेतच आहेत.

तोरा या आमच्या धर्मग्रंथाच्या वाचनाला हात लावायचा नाही. तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत फक्त व्यंजने असतात, सुरांच्या खुणा नसतात. वाचणारा ठरलेली सुरावट पाठ करून येतो आणि शब्द चुकला तर शेजारी उभे असलेले लोक तो तिथल्या तिथे पुन्हा म्हणायला लावतात. वाक्य कुठे थांबते आणि कुठे जोडले जाते हे ती सुरावटच सांगते, त्यामुळे तिच्यात फेरफार केला तर अर्थालाच धक्का पोहोचतो.

स्तोत्रगीतांचे तसे नाही. शुक्रवारी संध्याकाळी म्हटले जाणारे ‘लेखा दोदी’ श्लोमो अल्काबेत्स यांनी सोळाव्या शतकात आजच्या इस्रायलमधल्या सफेद या गावी रचले आणि जगभर त्याला असंख्य चाली लागल्या. कित्येक ठिकाणी सहाव्या कडव्यापाशी, ‘लो तेवोशी’ला, चाल बदलण्याची रीतच आहे, कारण आधीची कडवी उद्ध्वस्त यरुशलेमला धूळ झटकून उठायला सांगतात आणि इथून पुढे सांत्वनाचा सूर लागतो. मी नवी चाल तिथेच घेतो. पाच कडवी ज्येष्ठांच्या ओळखीच्या चालीत होतात, आणि शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळून शब्बाथचे, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, स्वागत करतात तोवर मुलांचे आवाज वर आलेले असतात. ‘आदोन ओलाम’ हे दुसरे स्तोत्र तर एकाच वृत्तात असल्यामुळे जवळजवळ कुठल्याही चालीत बसते, अगदी नको त्या चालीतही. सिनेमाची चाल मात्र मी लावू देत नाही. म्हणणाऱ्याच्या मनात मग मूळ गाण्याचेच शब्द घोळत राहतात.

शिवाय ‘जुनी’ म्हणजे तरी किती जुनी? आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंना, हिब्रू प्रार्थना शिकवण्यात केरळातल्या कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांचा मोठा वाटा होता. म्हणजे आज परंपरागत वाटणारे बरेच काही कोकणातल्या आमच्या पूर्वजांना एके काळी नवेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्याच लोकांनी कीर्तनाचा साचा घेऊन बायबलमधल्या कथांवर मराठी आख्याने रचली. त्या काळचे ते समकालीन संगीतच. पण ते ठरलेल्या हिब्रू प्रार्थनेत न मिसळता तिच्याबाहेर रंगले. हा तोडगा मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

राहता राहिली गिटार. शब्बाथला आमच्याकडे वाद्य वाजत नाही: तार तुटली तर ती दुरुस्त करण्याचा मोह होईल आणि दुरुस्ती हे त्या दिवशी वर्ज्य काम आहे, हे एक कारण, यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक हे दुसरे. जर्मनीत १८१० साली झेसेनच्या सुधारणावादी ज्यूंच्या मंदिरात ऑर्गन वाजला आणि पुढे हॅम्बुर्गमध्ये तर त्यावरून रब्बींमध्ये, म्हणजे ज्यू धर्मगुरूंमध्ये, मोठे वादंग माजले. सुधारणावादी उपासनेत आज गिटार सर्रास असते, ते त्यांच्या नियमांत बसते. आमच्याकडची गिटारवाली मुले मी हनुक्का या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाला बोलावतो. आठ संध्याकाळींत निदान एक शुक्रवारची येतेच, तेवढी सोडून.